ऊर्जेचा नवा स्रोत आणि जोखमीचा जुना प्रश्न

ऊर्जेच्या भवितव्याची चर्चा बहुधा यंत्रांच्या आणि दरांच्या अंगाने होते. सौरपट्टीची किंमत किती उतरली, अणुभट्टी किती लहान करता येईल, हायड्रोजन कधी परवडेल, असे प्रश्न त्या चर्चेत विचारले जातात आणि जो स्रोत स्वच्छ व स्वस्त ठरेल तो समाज यथाकाल स्वीकारीलच असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातील विजेचा शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. या राज्यात पाणी, कोळसा, अणुशक्ती, वायू, वारा आणि ऊन हे सगळे स्रोत वेगवेगळ्या काळी नवे म्हणून आले; त्यांपैकी काही रुजले, काही रखडले, एकाने राज्याच्या वीज मंडळाची आर्थिक घडीच मोडली; आणि दर वेळी निर्णायक ठरलेला प्रश्न तंत्राचा नव्हता, तर प्रकल्पातील जोखीम कोणी उचलायची आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडायचा, हा होता. प्रस्तुत व्याख्यानाची मांडणी या एका मुद्द्याभोवती केली आहे आणि उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील घेतली आहेत, कारण स्रोतांची एवढी विविधता आणि त्यांवरून झालेले एवढे संघर्ष देशातील फार थोड्या राज्यांनी पाहिले आहेत.

मांडणीकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांखेरीज अन्य स्रोतांची झाली आणि पॅरिस करारान्वये २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले. ही गोष्ट निःसंशय मोठी आहे. परंतु स्थापित क्षमता म्हणजे यंत्र पूर्ण भाराने चालल्यास एका क्षणी जेवढी वीज देऊ शकेल तेवढी क्षमता होय. वर्षभरात प्रत्यक्ष किती वीज हाती आली हा हिशेब निराळा असतो. रात्र, ढग आणि ऋतुमान यांमुळे सौर प्रकल्पाकडून वर्षाच्या सरासरीने क्षमतेच्या साधारण पाव हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी वीज मिळते, म्हणून प्रत्यक्ष विजेच्या हिशेबात कोळशाचा वाटा अद्याप सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांमधील अंतर भरून काढण्याचे काम पुढील दोन-तीन दशके चालेल, त्यासाठी जमीन, पाणी, तारा, साठवण आणि प्रचंड भांडवल लागेल, आणि ज्याला ऊर्जेचे राजकारण म्हणावयाचे ते याच अंतरात घडेल.

मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर आणि दुरून आणलेल्या कोळशावर चालत असताना सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो घाटाखाली सोडावा आणि त्यावर वीज करावी ही जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या निधनानंतर साकार झाली व १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. गिरणीमालकांना ही वीज स्वस्त व खात्रीची पडली आणि शहराचा धूर कमी झाला; स्वच्छ ऊर्जेच्या आजच्या सर्व कसोट्यांवर हा प्रकल्प उतरला असता. परंतु त्याच मालिकेतील मुळशीच्या धरणासाठी नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांची जमीन भूसंपादन कायद्याने, म्हणजे सार्वजनिक प्रयोजनाच्या नावाने एका खासगी कंपनीसाठी, घेतली जाऊ लागली, तेव्हा १९२१ च्या एप्रिलमध्ये रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यात मिळाली. लढा १९२४ च्या सुमारास ओसरला, धरण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रातून वीज मुंबईकडे गेली. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास करून दाखविलेली एक बाब आजही मोलाची आहे: बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनींची कागदोपत्री मालकी पुण्यातील सावकारांकडे होती, मोबदल्याचा मार्ग त्यांना पुरेसा वाटला, आणि ज्यांच्या हाती नांगर होता त्या कुळांना मोबदल्याच्या हिशेबात फारसे स्थान नव्हते. जमिनीचा मालक आणि जमिनीवर जगणारा या दोन व्यक्ती निराळ्या असतात, ही गोष्ट वीजप्रकल्पांच्या इतिहासात पुनःपुन्हा विसरली गेली आहे.

कोयनेचा प्रकल्प सरकारी होता, त्यातून निर्माण झालेल्या विजेने पश्चिम महाराष्ट्राचे औद्योगिकीकरण झाले आणि त्याची क्षमता वाढत वाढत १९६० मेगावॉटपर्यंत गेली, तरीही विस्थापितांच्या बाबतीत चित्र फारसे बदलले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, त्याच्या आधी खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली होती, आणि धरणग्रस्तांच्या पर्यायी जमिनींचे अर्ज पुढे कित्येक दशके शासनदरबारी फिरत राहिले. मालकी सार्वजनिक असली की जोखमीची वाटणी आपोआप न्याय्य होते, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही.

जमिनीची जोखीम अशी डोळ्यांना दिसते. पैशाची जोखीम मात्र कराराच्या कलमांत दडलेली असते, आणि ती समजून घेण्यासाठी दाभोळच्या प्रकल्पाइतके बोलके उदाहरण भारतात दुसरे नाही. १९९१ च्या आर्थिक धोरणबदलानंतर वीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी व परदेशी भांडवलाला खुले झाले आणि जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ समुद्रकाठी हे केंद्र उभारायचे, आखातातून द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजाने आणायचा आणि त्यावर सुमारे दोन हजार मेगावॉटची निर्मिती करायची, अशी योजना होती. नैसर्गिक वायू कोळशापेक्षा स्वच्छ जळतो आणि त्या काळात तो भविष्याचे इंधन मानला जात होता. स्रोताबद्दल आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नव्हते.

आक्षेप होता तो डिसेंबर १९९३ मध्ये झालेल्या वीजखरेदी कराराबद्दल. वीजखरेदी करार म्हणजे निर्मिती करणाऱ्याने किती वर्षे, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर वीज द्यायची व घेणाऱ्याने त्याचे पैसे कसे चुकते करायचे याचा दस्तऐवज होय. अशा करारात विजेच्या किमतीचे सामान्यतः दोन भाग असतात, पहिला भांडवल, व्याज व नफा यांचा स्थिर आकार आणि दुसरा जळलेल्या इंधनाचा आकार. केंद्र तयार स्थितीत असेल तर मंडळाने वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचा, त्यातील मोठा हिस्सा डॉलरच्या मूल्याशी बांधलेला, इंधनाचा दर आंतरराष्ट्रीय बाजाराप्रमाणे, आणि मंडळाने पैसे थकविल्यास राज्य शासनाची हमी व तिच्या मागे केंद्र शासनाची प्रतिहमी, अशी या कराराची रचना होती. रुपया घसरला, तेल महागले किंवा राज्यातील मागणी अंदाजाइतकी वाढली नाही, तर होणारी तूट मंडळाने म्हणजे अंतिमतः ग्राहकांनी आणि करदात्यांनी सोसावी, आणि कंपनीचा परतावा मात्र सुरक्षित राहावा, असा त्याचा सरळ अर्थ होता. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नसल्याचे सांगून कर्ज नाकारले होते, आणि पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत व त्यांच्या सहकाऱ्यांनी कराराचा आकडेवार अभ्यास करून मंडळावर पडणारा बोजा दाखवून दिला होता.

पुढील घटनाक्रम परिचित आहे. १९९५ च्या निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा झाली, सत्तांतर झाले, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला आणि अवघ्या काही महिन्यांत फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पूर्वीपेक्षा मोठा झाला. १९९६ च्या मे महिन्यात तेरा दिवस टिकलेल्या केंद्र सरकारने त्याच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. गुहागर परिसरात निदर्शने करणाऱ्या ग्रामस्थांवर झालेल्या पोलिसी कारवाईची दखल अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये घेतली. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा वायूऐवजी नाफ्था या तेलजन्य इंधनावर सुरू झाला, तेल महागले, रुपया उतरला, आणि महाग वीज मंडळ कमी घेऊ लागल्यामुळे तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन काही महिन्यांत दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली, त्याच वर्षी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णयप्रक्रियेतील दोष उघड केले, आणि डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापून केंद्र पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, पण ज्या वायूच्या भरवशावर ते उभे होते तो वायूही पुरेसा मिळाला नाही.

या प्रकरणात लाच, दबाव आणि परदेशी भांडवल यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याहून अधिक लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की करार गुप्त ठेवला गेला होता आणि विधिमंडळाला किंवा ग्राहकांना त्याचे आकडे उपलब्ध नव्हते. या अनुभवातून १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला, दर ठरविण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेण्याची पद्धत आली आणि वीज मंडळाला आपले हिशेब लोकांपुढे मांडावे लागले. त्या सुनावण्यांमधून वर्षानुवर्षे झाकलेले एक सत्य बाहेर आले: मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर दाखविल्या जाणाऱ्या विजेचा एक मोठा भाग प्रत्यक्षात गळती आणि चोरी होता. वीज शेतकऱ्याने वापरली असे कागदावर दिसत होते, अनुदान शेतकऱ्याच्या नावाने मागितले जात होते आणि त्यावरून शेतकऱ्याला फुकट्या म्हटले जात होते. ही बदनामी अजून पुरती धुतली गेलेली नाही, याची नोंद येथे मुद्दाम केली पाहिजे.

दाभोळपासून किनाऱ्याने थोडे दक्षिणेला राजापूर तालुक्यात माडबन आणि नाटे ही गावे आहेत. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या भारतभेटीत जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा आराखडा करार झाला. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या मिळून ९९०० मेगावॉटचे, जगातील सर्वांत मोठे अणुवीजकेंद्र तेथे व्हावयाचे होते. त्यानंतर तीन महिन्यांत, ११ मार्च २०११ रोजी, जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि एप्रिलमध्ये जैतापूर परिसरातील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात एक आंदोलक ठार झाला. २०१३ मध्ये मोबदला वाढविण्यात आला, अनेक खातेदारांनी तो स्वीकारला आणि शासनाच्या दृष्टीने जमिनीचा प्रश्न बराचसा सुटला. परंतु नाट्यातील मच्छीमाराच्या नावावर सातबारा नव्हता. भट्ट्या थंड करून समुद्रात परतणाऱ्या उष्ण पाण्याचा मासळीवर काय परिणाम होईल आणि सुरक्षाक्षेत्रामुळे होड्यांची वाट कोठे अडेल, हे त्याचे प्रश्न भूसंपादनाच्या कार्यालयात मांडण्याची सोयच नव्हती, कारण त्याची शेती पाण्यावर होती. मुळशीच्या कुळाची आणि नाट्याच्या मच्छीमाराची स्थिती या अर्थाने एकच आहे.

जैतापूर रखडले ते मात्र केवळ आंदोलनामुळे नव्हे. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडाची स्मृती ताजी असल्यामुळे २०१० च्या अणुदायित्व कायद्यात, अपघात झाल्यास केंद्र चालविणाऱ्या कंपनीने दिलेली भरपाई दोषी यंत्रसामग्रीच्या पुरवठादाराकडून वसूल करण्याचा हक्क संसदेने ठेवला होता, आणि ही जोखीम घेण्यास परदेशी पुरवठादार तयार नव्हते. त्यातच निवडलेल्या भट्टीचा युरोपातील अनुभव निराशाजनक ठरला: फिनलंडमधील ओल्किलुओटो येथे २००५ मध्ये सुरू झालेले काम २०२३ मध्ये नियमित उत्पादनाच्या, तर फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथे २००७ मध्ये सुरू झालेले काम २०२४ च्या डिसेंबरमध्ये वीज देण्याच्या टप्प्याला आले आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला. अणुऊर्जा कार्बन जवळजवळ सोडत नाही, रात्रंदिवस चालते आणि थोड्या जागेत पुष्कळ वीज देते, म्हणून भविष्याच्या विचारातून तिला वगळणे शहाणपणाचे होणार नाही. केंद्र शासनाने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुक्षमतेचे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले आहे. परंतु उशिराचा आणि अपघाताचा खर्च कोण देणार हे आधी लिहून ठेवल्याखेरीज अणुऊर्जेच्या दराबद्दल जे आकडे सांगितले जातात त्यांना अर्थ नाही.

पवनऊर्जेचा अनुभव निराळा पण तितकाच शिकविणारा आहे. साताऱ्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे पठार व पुढे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका येथे पवनचक्क्यांची जी रांग उभी राहिली तिच्यामागे वाऱ्याइतकीच आयकराची सवलत होती. यंत्राच्या किमतीचा फार मोठा भाग पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येत असे, त्यामुळे ज्यांचा विजेशी संबंध नव्हता अशा उद्योगांनीही पवनचक्क्या विकत घेतल्या. बक्षीस पवनचक्की उभारण्याला होते, ती किती फिरते याला नव्हते. गावाच्या वाट्याला रस्त्याची कामे, पहारेकऱ्याच्या थोड्या नोकऱ्या आणि एकदाच मिळालेली जमिनीची किंमत एवढेच आले. गावाला उत्पन्नाचा कायदेशीर वाटा नसला की ती पोकळी दलाल आणि दांडगे भरून काढतात. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची झालेली अमानुष हत्या तपास यंत्रणेने पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणाशी जोडली आहे. त्या खटल्याचा निकाल न्यायालय देईल, परंतु नव्या ऊर्जेचा पैसा ग्रामीण भागात कोणत्या वाटांनी शिरतो हे पाहण्याची जबाबदारी ऊर्जा खात्यालाही टाळता येणार नाही.

सौरऊर्जेकडे येताना प्रथम दराचा उल्लेख करावा लागतो, कारण येथे खरोखरच काही अभूतपूर्व घडले आहे. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत आणि २०२० च्या अखेरीस गुजरातमध्ये २ रुपयांच्याही खाली गेला. या स्वस्ताईचा एक पाया चीनमधील प्रचंड उत्पादन हा आहे. सौरपट्टीच्या निर्मितीतील प्रत्येक टप्प्यावर जगातील ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षमता त्या एका देशात एकवटली आहे, आणि म्हणून भारताने २०२२ पासून आयात पट्ट्यांवर ४० टक्के सीमाशुल्क लावून देशी कारखान्यांना आडोसा दिला. आयात तेलावरील अवलंबन जाऊन आयात पट्ट्यांवरील अवलंबन यावे ही कल्पना सुखावह नाही, तथापि दोन्हींत फरक आहे: तेलाचा पुरवठा थांबला तर गाडी थांबते, पट्ट्यांचा थांबला तर नवे प्रकल्प थांबतात, पण बसविलेल्या पट्ट्या पंचवीस वर्षे वीज देतच राहतात.

महाराष्ट्रापुरती या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना होय. तिचे महत्त्व समजण्यासाठी शेतीच्या विजेची घडण ध्यानात घेतली पाहिजे. गावाला वीज देणाऱ्या उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीला फीडर म्हणतात. महाराष्ट्रात गावठाणाचे आणि शेतीचे फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे केले गेले आहेत, त्यामुळे घरांना चोवीस तास आणि पंपांना आठवड्यातील काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री पाळीने वीज देणे शक्य झाले. ही व्यवस्था वितरण कंपनीला सोयीची होती, कारण रात्री कोळशाच्या केंद्रांची वीज शिल्लक असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ थंडीत, अंधारात, साप-विंचवांच्या आणि जुन्नरसारख्या तालुक्यांत बिबट्याच्या भीतीने दारे धरायला जाणे असा होता. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी घेऊन २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर स्वाभिमानी शेतकरी संघटनेने धरणे धरले. पण ती मागणी त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव होती.

उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारावा, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यावी, पंप दिवसा चालावेत आणि पंप बंद असताना उरलेली वीज जाळ्यात जावी, हा या योजनेचा गाभा आहे आणि त्याच्या वैचारिक पायाभरणीत ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाचा वाटा मोठा आहे. २०१७ मध्ये योजना सुरू झाली, राळेगणसिद्धी येथे तिचा आरंभीचा प्रकल्प झाला, आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आल्यानंतर उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढविण्यात आले. वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प या दुसऱ्या टप्प्यात प्रथम कार्यान्वित झाला. खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेतल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ, तर ग्रामपंचायतीला तीन वर्षे दर वर्षी पाच लाख रुपये, अशी तरतूद आहे. विजेचा दर तीन रुपयांच्या आसपास येतो, दूरच्या केंद्रातून वीज आणताना तारांत होणारी गळती वाचते, आणि शेतीची स्वस्त वीज भरून काढण्यासाठी उद्योगांकडून घेतल्या जाणाऱ्या चढ्या दराची, म्हणजेच क्रॉस सबसिडीची, गरज कमी होऊ शकते. शेतकरी, उद्योग आणि शासन यांच्यातील पन्नास वर्षांचे भांडण एका तांत्रिक रचनेने सैल होत असेल, तर तिचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे.

स्वागत करताना तीन शंका नोंदविल्या पाहिजेत, आणि त्यांपैकी पहिली सर्वांत गंभीर आहे. एका मेगावॉटला चार ते पाच एकर सलग जमीन लागते. खासगी जमीन जेथे मिळत नाही तेथे सरकारी जमिनीकडे, म्हणजे पुष्कळदा गायरानाकडे, नजर वळते. कागदावर गायरान ही गावाच्या गुरांची चराई असते. प्रत्यक्षात, विशेषतः मराठवाड्यात, त्याच्या काही भागावर भूमिहीन दलित आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून ती नियमित करण्याची मागणी चालू आहे. अशी जमीन सौर प्रकल्पाला दिली गेली तर ज्याच्याकडे पंपच नाही अशा कुटुंबाच्या जमिनीवर पंपधारकाची वीज तयार होईल. प्रत्येक प्रकल्पापूर्वी वहिवाटदारांची जाहीर नोंद होणे आणि त्यांना भाड्याचा वाटा मिळणे ही म्हणून या योजनेची पूर्वअट असावयास हवी.

दुसरी शंका मालकीविषयी आहे. प्रकल्प निविदेने मोठ्या कंपन्यांकडे जातात आणि शेतकरी केवळ भाडे घेणारा उरतो. १९५० मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या, आणि मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेमार्फत २०११ पर्यंत चार दशके स्वतः वीजवितरण करून पाहिलेल्या प्रदेशात, सहकारी सौर प्रकल्पाचा विचार इतका क्षीण का असावा हे कोडे आहे. मुळा-प्रवरेचा शेवट थकबाकीत झाला हे खरे. पण ती संस्था मंडळाकडून वीज विकत घेऊन वाटत होती, स्वतः निर्माण करीत नव्हती. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी २०१६ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने आपल्या सौरपंपांची उरलेली वीज वितरण कंपनीला विकून दाखविली आहे. वीज विकण्याची सोय असली की पाणी जपून उपसण्यालाही मोल येते, आणि येथेच तिसऱ्या, म्हणजे भूजलाच्या उपशाविषयीच्या, शंकेचे उत्तर काही अंशी सापडते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देणारी योजना सुरू झाली असून तिचा लाभ सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना मिळतो. दिवसा आणि मोफत वीज एकत्र आल्यावर भूजलाचा उपसा वाढणार नाही असे मानणे कठीण आहे, आणि मराठवाड्यात खोल गेलेल्या विंधनविहिरी पुरेशा बोलक्या आहेत.

सौरवीज दुपारी मुबलक आणि संध्याकाळी शून्य असते, तर शहरांची मागणी संध्याकाळी चढते. ही दरी भरण्यासाठी साठवण हवी. बॅटऱ्या वेगाने स्वस्त होत आहेत, परंतु मोठ्या प्रमाणावरील जुनी व कसोटीला उतरलेली पद्धत उदंचनाची आहे: वीज शिल्लक असताना खालच्या जलाशयातील पाणी पंपांनी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करायची. या फेऱ्यात साधारण पाव ते पंचमांश वीज खर्ची पडते. घाटमाथा आणि कोकण यांच्यामधील उंच कडा या कामासाठी निसर्गतःच योग्य आहे. २५० मेगावॉटचे घाटघर केंद्र २००८ पासून याच तत्त्वावर चालते. राज्याने २०२३ मध्ये उदंचनासाठी स्वतंत्र धोरण केले, त्याच वर्षी भिवपुरी व शिरवटा येथे मिळून २८०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी टाटा पॉवरशी, आणि सावित्री, काळू, केंगाडी व जालोंद या ७३५० मेगावॉटच्या चार प्रकल्पांसाठी एनएचपीसीशी सामंजस्य करार केले.

भिवपुरी आणि शिरवटा येथील तलाव टाटांच्या त्याच जुन्या जलविद्युत मालिकेतील असल्यामुळे तेथे नव्याने बुडणारी जमीन तुलनेने थोडी असेल, आणि म्हणून अशा जागांना अग्रक्रम मिळावा हे उघड आहे. नव्या जागांचा प्रश्न वेगळा आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रांविषयी माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये अहवाल दिले, त्यानंतर अधिसूचनेचे मसुदे एकामागून एक निघाले, परंतु २०२४ मध्ये निघालेली अधिसूचनाही मसुदाच होती. संरक्षणाची रेषा ठरण्याआधी प्रकल्पांचे करार होत आहेत, हा क्रम उलटा आहे. शिवाय या प्रकल्पांतून मिळणाऱ्या विजेचा दर साठवणीच्या स्थिर आकारावर अवलंबून राहणार आहे, म्हणजे वीज साठविली वा न साठविली तरी कोणाला तरी तो भरावा लागेल. बॅटऱ्या पुढील दहा वर्षांत आणखी स्वस्त झाल्या तर चाळीस वर्षांच्या अशा करारांचा बोजा ग्राहकांवर पडेल की गुंतवणूकदारांवर, हे करारातच स्पष्ट असले पाहिजे आणि त्याचा मसुदा आयोगापुढे जाहीर सुनावणीस आला पाहिजे. दाभोळनंतर या राज्याला दुसरी सबब उरलेली नाही.

हरित हायड्रोजनबद्दल येथे थोडक्यात एवढेच म्हणता येईल की तो स्रोत नव्हे, वाहक आहे. पाण्याचे विघटन करण्यासाठी आधी वीज लागते, आणि ती अक्षय स्रोतांतून आली तरच हायड्रोजन हरित ठरतो. केंद्राने २०२३ मध्ये १९ हजार ७४४ कोटी रुपयांचे अभियान जाहीर केले आहे. पोलाद आणि खतांच्या कारखान्यांना त्याचा उपयोग आहे. घरे व मोटारी चालविण्यासाठी त्याचा आग्रह धरणे म्हणजे हाती असलेली वीज वाटेतच गमावणे होय.

या सगळ्या बदलाची दुसरी बाजू विदर्भात आहे आणि तिच्याविषयी मुंबई-पुण्यात फार कमी बोलले जाते. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॉटचे आहे. राज्याची संध्याकाळ उजळण्यात त्याचा वाटा मोठा आहे आणि त्याची राख, धूर व कोळशाची धूळ चंद्रपूरकरांच्या श्वासात गेली आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या उद्योगांसाठी विदर्भाने हवा आणि पाणी दिले, ही तक्रार भावनिक नाही. ती राज्याच्या वीजव्यवस्थेच्या नकाशात दिसते. आता केंद्रातील जुने संच निवृत्त होतील, पश्चिमेकडे सौर फीडर आणि उदंचनाची केंद्रे उभी राहतील, आणि कोळशावर जगणारे कंत्राटी कामगार, ट्रकमालक, खाणीलगतच्या गावांतील दुकानदार यांचे काय, हा प्रश्न उभा राहील. खाणीतील कायम कामगाराला बदली आणि निवृत्तिवेतन आहे. कंत्राटी कामगाराचे नाव बहुधा कोणत्याच यादीत नसते.

खनिज कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले असून खाणचालकांना स्वामित्वधनाच्या प्रमाणात ठरावीक रक्कम खाणबाधितांसाठी त्यात भरावी लागते. चंद्रपूरमध्ये ही रक्कम मोठी आहे आणि तिचा स्रोत मुख्यतः कोळसा आहे. म्हणजे कोळसा जसजसा कमी निघेल तसतसा हा निधी आटेल, आणि नेमक्या त्याच वर्षांत त्याची गरज सर्वांत अधिक असेल. निधीचा एक भाग आजपासूनच खर्च न करता राखून ठेवावा, त्यातून कंत्राटी कामगारांची नोंदणी आणि त्यांच्या नव्या कामाचे शिक्षण व्हावे, आणि बंद होणाऱ्या संचांच्या जागेवर, जेथे जमीन, पाणी व उच्चदाबाच्या तारा आधीच आहेत, साठवणीची केंद्रे आणि सौर प्रकल्प प्रथम उभारावेत, अशी तरतूद राज्याच्या पुढील ऊर्जा धोरणात करण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही. त्यासाठी लागणारा निर्णय कोळशाची आवक चालू असतानाच घ्यावा लागेल.